दुसऱ्या रांगेतले ससे

अमरावती,
१४ जून १९६४

प्रिय धर्मपाल,

सप्रेम नमस्कार.

कौशल्याच्या लग्नाला आलास, फार बरं वाटलं. बहिणीचं लग्न सगळेच करतात, पण तू ओसरीवरच्या पंक्तीत, माझ्या मांडीला मांडी लावून, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांच्या देखत जेवलास आणि आमच्या बाबांनी हूं का चूं केलं नाही. कॉलेजात असताना तुला आमच्या गडव्यातून पाणी पाजलं म्हणून याच वामनरावांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. परवा मला म्हणाले, ‘तुझा मित्र जेवला मोजकंच, पण बसला ऐटीत.’ मूर्तिजापूर तालुक्यात याहून मोठी क्रांती या वर्षी तरी झालेली नाही. मी काही केलं असं म्हणत नाही. पण तू मनात म्हण.

आता कामाचं. डोमाजी पारध्याने बडनेऱ्याहून ससे आणून दिले. निम्मे पांढरे, निम्मे तपकिरी. त्यांचं काय करणार हे आमच्या कॉलेजच्या प्राणीगृहात कामाला असलेल्या तुझ्या पुंजाजीमामांना समजावताना मला घाम फुटला, म्हणून आधी तुझ्यावर सराव करतो.

एका माणसाचं मूत्रपिंड काढून दुसऱ्याला बसवायची खटपट परदेशात चालली आहे. शिवण उत्तम जमते, पण शरीर आलेली वस्तू परकी म्हणून ओळखतं आणि हाकलून देतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे चौकीदार समज. या चौकीदारांना गुंगी आणणारं एक औषध आहे, मर्कॅप्टोप्युरिन. मूळचं रक्ताच्या कर्करोगावरचं. ते किती गुंगी आणतं हे जनावरावर पाहिल्याशिवाय माणसाला देता येत नाही. म्हणून मी पांढऱ्या सशाच्या पाठीवर तपकिरी कातड्याचं ठिगळ लावणार, तपकिरीच्या पाठीवर पांढरं. पिंजऱ्यांच्या दोन रांगा. पहिल्या रांगेला रोज ज्वारीच्या पिठाच्या गोळीतून औषध. दुसऱ्या रांगेला नुसतं ठिगळ. दुसऱ्या रांगेची ठिगळं काळी पडून गळाली आणि पहिल्या रांगेची टिकली, की औषधाने काम केलं. एवढं साधं आहे. जानेवारीत नागपूरच्या परिषदेत यावर निबंध वाचायचा, त्यावर माझी पीएच.डी., आणि पीएच.डी.वर विभागप्रमुखाची जागा. सगळं त्या ठिगळांवर टांगलेलं आहे.

गोळ्या मी करून ठेवतो, भरवतात मामा. सकाळी माझी व्याख्यानं असतात. शिवाय ससे माझा हात लागला की थरथरतात आणि मामांचा लागला की डोळे मिटतात.

तुझा,
गोवर्धन


अकोला,
२८ जून १९६४

प्रिय गोवर्धन,

सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. लग्न छान झालं. बुंदी चांगली होती असं सगळेच म्हणत होते.

शरीर परकं कोण ते ओळखतं आणि हाकलून देतं, हे कळायला ससे कशाला कापायचे? आमच्या गावात हे काम चार-दोन माणसं पिढ्यान्‌पिढ्या बिनपगारी करत आली. गुंगीचं औषध मात्र नवीन आहे. सशांवर लागू पडलं तर एक बाटली तुझ्या गावच्या विहिरीसाठी ठेव.

मामाला सांभाळून घे. मला शिकवायला तो जिनात कापसाची ओझी वाहत होता हे तुला माहीत आहे. त्याला अक्षर येत नाही आणि जनावराचं दुखणं पाहवत नाही. तुझ्या कामाला यातला पहिला गुण चालेल, दुसरा जपून. ससा मरणार असेल तर त्याला आधी सांगत जा.

लग्नाहून तो परत कसा गेला? गॅसबत्त्यांच्या गाडीबरोबर आला होता म्हणतात. मी घाईत निघालो. भेट नीट झाली नाही.

शाळेत यंदा नवे इन्स्पेक्टर आले आहेत. प्रयोगशाळेत येऊन त्यांनी विचारलं, पाण्यापासून प्राणवायू काढता, मग पाणी संपत नाही का? मी म्हटलं, संपतं साहेब, म्हणून हा प्रयोग आम्ही फळ्यावरच करतो. फार खूष झाले.

तुझा,
धर्मपाल


अमरावती,
२ ऑगस्ट १९६४

प्रिय धर्मपाल,

मी मोठ्या घोटाळ्यात आहे.

जुलैच्या मध्यात सगळ्यांना ठिगळं लावून झाली. पहिल्या रांगेची ठिगळं उत्तम. गुलाबी, ऊबदार, एकावर तर पांढऱ्या पाठीतून तपकिरी लव उगवते आहे. प्राचार्य कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांना दाखवायला घेऊन आले. अध्यक्षांनी विचारलं, याची टोपी होईल का? मी म्हटलं, पुढेमागे होईल.

पण दुसरी रांग, धर्मपाल. ज्यांना काही दिलेलं नाही त्यांचीही ठिगळं टिकून आहेत. पुस्तकाप्रमाणे ती आठ-दहा दिवसांतच गळायला हवी होती. दोन-तीन जरा मळकट दिसतात, बाकीची जावयासारखी बसली आहेत. दोन्ही रांगांत फरक नाही म्हणजे औषधाचा काही उपयोग नाही, आणि औषधाचा उपयोग नाही तर परक्या कातडीला या सशांनी थारा दिलाच कसा? नागपूरच्या माझ्या मार्गदर्शक डॉक्टरसाहेबांना कळवलं तर ते मला परत गांडुळं चिरायला बसवतील.

माझा संशय डोमाजीवर आहे. त्याने एकाच जोडीची पिल्लं गळ्यात मारली असावीत. सख्ख्या भावंडांत फार जवळची पैदास झाली की कातडी एकमेकांना परकी राहत नाही. मी बडनेऱ्याला जाऊन त्याला चार माणसांत झापलं. तो शपथा घेत होता की पांढरे अचलपूरचे आणि तपकिरी वर्ध्याकडचे. मी म्हटलं, तुमच्या शपथा मला ठाऊक आहेत.

तुला काही सुचतं का?

गोवर्धन


अकोला,
९ ऑगस्ट १९६४

प्रिय गोवर्धन,

जयभीम. अचलपूरचा पांढरा आणि वर्ध्याचा तपकिरी एका रक्ताचे निघाले तर तुझ्या पीएच.डी.पेक्षा त्यांची सोयरीक जास्त छापण्याजोगी आहे. मला डोमाजी खरा वाटतो.

एक साधी गोष्ट बघ. गोळ्या कोणाच्या पोटात जातात ते उभं राहून बघ. मी प्रयोगवहीत पोरांनी लिहिलेलं आणि पोरांनी केलेलं यातला फरक रोज बघतो, म्हणून सुचलं. मामा चोरणारा नव्हे, पण ससे एकमेकांच्या पिंजऱ्यात शिरत असतील, गोळ्या खाली सांडत असतील.

बडनेऱ्याला जाऊन डोमाजीची क्षमा मागून ये. जमत नसेल तर निदान त्याच्याकडून एक तितर घे.

धर्मपाल


अमरावती,
२३ ऑगस्ट १९६४

धर्मपाल,

उभं राहून पाहिलं. जाळीच्या मागे, व्याख्यान बुडवून.

तुझे मामा प्रत्येक गोळी चिमटीत धरून मधोमध मोडतात. अर्धी पहिल्या रांगेतल्या सशाला, अर्धी समोरच्या दुसऱ्या रांगेतल्याला. पहिल्या दिवसापासून. मी विचारलं तर लपवलंही नाही. ‘होय सायेब, सारखी वाटतो,’ म्हणाले, जणू मी शाबासकी देणार होतो.

दोन महिन्यांचं काम मातीत गेलं. औषध मुंबईहून केवढ्या खटपटीने येतं ते तुला सांगून उपयोग नाही. अर्ध्या गोळीने सगळेच अर्धे गुंगीत. डोमाजीला मी नाहक शिव्या दिल्या. डॉक्टरसाहेबांना काय तोंड दाखवू? मी रागात बोललो, पण खरं तेच बोललो, की तुमच्या माणसांना शास्त्राच्या खोलीत आणायला आणखी दोन पिढ्या लागतील. मामांना मी घरी बसायला सांगितलं आहे. पुन्हा बोलवीन की नाही सांगत नाही.

तू त्यांची शिफारस केली होतीस म्हणून तुला कळवलं.

गोवर्धन


अकोला,
२६ ऑगस्ट १९६४

प्रिय गोवर्धन,

पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं आणि मी ते शिक्षकांच्या खोलीत उघडलं. पुढला तास घेताना फळ्याकडेच तोंड ठेवलं.

मला अत्यंत लाज वाटते. माझ्या शब्दावर तू माणूस ठेवलास आणि त्याने तुझ्या आयुष्याचं काम मोडलं, तेही चिमटीने. मामा अडाणी आहे. माया खूप, पण समज नाही. मी त्याला कामावर चिकटवताना हे तुला स्पष्ट सांगायला हवं होतं. ‘दोन पिढ्या’ म्हणालास ते लागलं.

तो रविवारी इकडे येणार आहे. त्याला मी चांगला फैलावर घेईन.

तुझा अपराधी,
धर्मपाल


अकोला,
६ सप्टेंबर १९६४

गोवर्धन,

आधीचं पत्र फाडून टाक. फाडलं नसशील तर जपून ठेव, आम्हा शिकलेल्यांचा नमुना म्हणून.

मामा आला. पिशवीत माझ्या पोरीसाठी चिवडा होता. मी त्याला बसूही दिलं नाही. भाषण केलं. शास्त्र म्हणजे काय, तुलना म्हणजे काय, त्याच्यामुळे माझी मान कशी खाली गेली. माझी बायको आतून चहा घेऊन आली आणि माझा सूर ऐकून परत गेली. मामा ऐकत होता. शेवटी मी विचारलं, तुला एवढं साधं कळत नव्हतं का, एका रांगेला द्यायचं, दुसरीला नाही?

तो म्हणाला, ‘कळत होतं ना. सायेबानं तीनदा सांगतलं.’

मग काहून?

तो जे म्हणाला ते जसंच्या तसं लिहितो, कारण माझ्या भाषेत ते सभ्य होईल.

‘धर्मा, त्या लग्नात तू ओसरीवर होता. मले बसवलं गोठ्याच्या भिताडाजवळ, गॅसबत्तीवाल्यायसंग. पत्रावळ भेटली, वरण-भात भेटला, काई तक्रार नाई. पण बुंदीचं टोपलं ओसरीवर फिरलं, पुन्हा फिरलं, अन्‌ आमच्याकडे आलंच नाई. वाढपी आमच्या समोरून जाये. पाहेच नाई. बुंदी काय, म्या जिंदगीत लय खाल्ली. आता सायेबानं मलेच वाढपी केलं. या रांगेले दे, त्या रांगेसमोरून नुसता जाय. ते ससे जाळीले नाक लावून पाह्यत राह्यते. मले त्यायच्या समोरून नाई जाता आलं.’

हे ऐकून मी खाली बसलो. मी त्याला विचारलं, ओसरीवर मला पाहिलं होतंस? म्हणाला, ‘पाह्यलं ना. चांगला दिसत होता.’ त्याने टोमणा मारला असता तर माझी सुटका होती. त्याला खरंच चांगला दिसलो मी.

आता तुझ्या बाबांनी पाहिलेलं मोजकं जेवण. बुंदी मी दोनदा घेतली. टोपलं तिसऱ्यांदा आलं तेव्हा वाढपी वाकला आणि त्याच्या काखेखालून मला गोठ्याचं भिताड दिसलं. मामा दिसला. मी ताटावर हात आडवा धरला. हात आडवा धरला, गोवर्धन. तोंड उघडलं नाही. उठून त्याच्याशेजारी जाऊन बसावं असं वाटलं, आणि मग वाटलं, तुझ्या क्रांतीचा विचका होईल. जेवण झाल्यावर मी मागच्या वाटेने स्टेशनवर गेलो, कारण पुढच्या वाटेवर तो पत्रावळी गोळा करत होता. ‘घाईत निघालो’ लिहिलं होतं ते हे.

छप्पन साली नागपूरच्या मैदानावर मी त्याचा हात धरून गेलो होतो. लग्नात त्याच्या शेजारी जायला मला आठ पावलं टाकता आली नाहीत.

ससे मेले तरी चालतील, तुझी पीएच.डी. गेली तरी मला आज फिकीर नाही. तुला काही लिहावंसं वाटलं तर लिही.

धर्मपाल


अमरावती,
११ ऑक्टोबर १९६४

प्रिय धर्मपाल,

महिना गेला. पत्र सुरू करायचो, आणि ते तिसऱ्या ओळीत माझी बाजू मांडायला लागायचं. मग फाडायचो. टोपलीभर बाजू झाल्या.

तुझ्याकडे नाही अशी एक गोष्ट माझ्याकडे आहे, ती देतो. वाढपी माझा चुलतभाऊ रामराव होता. दुसऱ्यांदा बुंदी फिरवून झाल्यावर त्याने माझ्या कानाशी येऊन विचारलं, ‘तिकडे नेऊ का?’ मी ‘तिकडे’ पाहिलं. मामा दिसले. बाबाही दिसले. मी मनात म्हटलं, आज एक ओसरीवर आला, एवढं पुष्कळ झालं, म्हाताऱ्याला किती ताणायचं. आणि रामरावला म्हटलं, आधी इकडचं होऊ दे.

आधी इकडचं होऊ दे, हे मी म्हटलं. नंतर तुला क्रांतीचं पत्र लिहिलं.

‘दोन पिढ्या’ हे शब्द ‘मागे घेतो’ म्हटल्याने पुसले गेले असते, तर मागे घेतले असते.

मामांच्या घरी गेलो होतो. त्यांनी मला खाटेवर बसवलं, केशरमामींनी चहा दिला. क्षमा कशी मागायची हे मला येत नाही असं तिथे लक्षात आलं. आमच्याकडे शिकवत नाहीत. मी म्हटलं, मामा, कामावर या. ते म्हणाले, ‘येतो. पण एकाले देनारा, एकाले न देनारा, असे वाढाले दोन हात नका सांगू मले.’ मी म्हटलं, भरवायचं मी बघतो, तुम्ही झाडलोट करा. म्हणाले, ‘तुमी एका रांगेले द्यान, अन्‌ म्या झाडू घेऊन पाह्यत राहू काय?’

मामा परत आले आहेत. नवे ससे डोमाजीनेच दिले. क्षमेच्या ऐवजी मी तितर घेतला, तुझ्या सल्ल्याप्रमाणे. प्राचार्य म्हणतात दुसरा माणूस नेमा. ते मी करणार नाही, तेवढी लाज शिल्लक आहे. पण जानेवारीत नागपूरला काय वाचू, तेही कळत नाही. मामांची अट पाळली तर प्रयोग नाही, प्रयोग केला तर मामा नाहीत.

गोवर्धन


अकोला,
१८ ऑक्टोबर १९६४

प्रिय गोवर्धन,

जयभीम. पत्र दोनदा वाचलं. रामरावचा भाग तीनदा. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. आपण दोघं एकाच पंक्तीतले, कोणी कोणाला वाढायचं?

प्रयोगाचं मात्र सुचलं. मुळात तुझा पहिला प्रयोगच लंगडा होता. पहिल्या रांगेला औषध मिळत होतं, सोबत ज्वारीचं पीठ मिळत होतं, मामाचा हात मिळत होता. दुसऱ्या रांगेला यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. ठिगळ औषधाने टिकलं की पिठाने, असं नागपुरात कोणी विचारलं तर काय सांगितलं असतंस? दोन्ही रांगांना गोळी दे. दिसायला एक, वजनाला एक. एकीत औषध, दुसरीत नुसतं पीठ आणि कडूपणा सारखा यावा म्हणून चिमूटभर चिरायता. तुझं शास्त्र पहिल्यापेक्षा पक्कं होईल आणि मामाला दोन्हीकडे सारखं वाढता येईल.

आत काय आहे ते मामाला सांगायचं की नाही, तू ठरव. मी असतो तर सांगितलं नसतं. उगाच त्याच्या जिवाला घोर. मी शिकलेला माणूस आहे; अशा युक्त्या मला लवकर सुचतात.

धर्मपाल


अमरावती,
२४ जानेवारी १९६५

प्रिय धर्मपाल,

निबंध झाला. टाळ्या झाल्या. दुसऱ्या रांगेची ठिगळं पुस्तकाबरहुकूम काळी पडून गळाली, पहिल्या रांगेची महिन्यावर टिकली. पहिल्या रांगेतले दोघे न्यूमोनियाने गेले. चौकीदार झोपला की चांगला-वाईट सगळाच पाहुणा आत येतो, हेही निबंधात लिहिलं. मामांनी त्यांना कडुलिंबाखाली पुरलं. मुंबईच्या एका गृहस्थांनी नेमका तुझाच प्रश्न विचारला, पिठाचं काय? मी चिरायत्यासकट उत्तर दिलं. ते म्हणाले, ‘फार काटेकोर काम आहे.’ डॉक्टरसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. जागा माझी झाली असं समज.

आता जे निबंधात नाही ते.

गोळ्या मी दोन डब्यांत ठेवायचो. पहिल्याच दिवशी मामांनी दोन्ही डबे पाहिले आणि विचारलं, ‘डबे दोन काहून सायेब?’ मी म्हटलं, एकात मावत नाहीत. ‘पण दोनीकडे सारखंच हाये ना?’ मी म्हटलं, हो.

त्यांनी हात जोडले. मला. म्हणाले, ‘तुमी आयकलं माझं.’ आणि त्या दिवसापासून दोन्ही डबे असे छातीशी धरून नेत होते, की मी त्या वेळेला कधी प्राणीगृहात थांबलो नाही.

नागपुरात टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला ते ‘हो’ ऐकू येत होतं. तुझी युक्ती होती हे लिहून तुला वाटेकरी करावं असा विचार आला. पण ‘हो’ मी म्हटलं, ते माझंच.

गोवर्धन


अकोला,
१८ एप्रिल १९६५

प्रिय गोवर्धन,

जयभीम.

चौदा तारखेला जयंतीची मोठी पंगत झाली. मामा अमरावतीहून आला होता. जेवणाआधी चार माणसं बोलतात तसं त्यालाही कोणी तरी उभं केलं. तो आयुष्यात कधी चारचौघांपुढे बोलला नव्हता. म्हणाला, ‘आमच्या कालेजात सशाच्या दोन रांगा हायेत. सायेब एकीलेच दवाई देत. म्या म्हटलं, असं नाई चालत. तर एवढा मोठा सायेब, पण आयकलं त्यानं. आता दोनी रांगा सारखंच खातेत.’ मांडव टाळ्यांनी दणाणला. तुझ्या नागपूरच्या टाळ्या यापुढे काहीच नसतील. मी पहिल्या रांगेत होतो. सगळे वाजवत होते म्हणून मीही वाजवल्या.

हे इथे थांबलं असतं तर मी तुला गमतीने लिहिलं असतं.

पंगत उठल्यावर मामा माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ काडीने जमीन उकरत होता. मग म्हणाला, ‘धर्मा, एक गोष्ट तिथं बोललो नाई. सारखं वाढलं म्या, माह्या हातानं. तरी दुसऱ्या रांगेतल्यायचेच ठिगळ गळले. सगळ्यायचे. तुले काय वाटते, काहून?’

मी म्हटलं, काय की.

तो म्हणाला, ‘तब्येतच कमजोर असन त्यायची. कितीबी द्या, लागतच नसन अंगाले. काई काईची जातच तशी असते.’

आणि मी म्हटलं, ‘असेल.’

गोवर्धन, हे वाक्य त्या माणसाने जन्मभर ऐकलं. तुझ्या गावात ऐकलं, माझ्या गावात, जिनात, शाळेच्या दाराशी माझं नाव घालताना ऐकलं. मास्तर म्हणाले होते, घालतो, पण यांच्या अंगाला विद्या लागत नाही. तेव्हा मामाने ते मानलं नाही, म्हणून आज मी तुला पत्र लिहितो आहे. ते वाक्य त्याने कधी उच्चारलं नव्हतं. सशाबद्दलही नाही. आपण दोघांनी, दोन पदवीधरांनी, ते त्याच्या तोंडून काढून घेतलं. चिमूटभर चिरायत्यात.

तो बुंदीचे दोन पुडे घेऊन येतो आहे. एक तुझ्यासाठी आहे, एक सशांच्या दोन्ही रांगांसाठी. तू त्याला सांग. तुझ्याने होणार नसेल तर कळव, मी रजा टाकून येतो. या वेळी पुढच्या वाटेने येईन.

धर्मपाल


अमरावती,
२५ एप्रिल १९६५

प्रिय धर्मपाल,

तुझं पत्र मामांच्या आधी आलं. मी सांगितलं.

प्राणीगृहातच सांगितलं, दोन्ही डबे समोर ठेवून. पहिल्या डब्यात औषध होतं, दुसऱ्यात नव्हतं, आणि मी हो म्हणालो ते खोटं होतं, एवढंच बोललो. मी बरीच तयारी केली होती, शास्त्राला हे का लागतं वगैरे. ती तोंडातून निघाली नाही, बरं झालं.

मामांनी दुसरा डबा उघडला, एक गोळी काढली आणि तोंडात टाकली. चावली. ‘चिरायता,’ म्हणाले.

मग त्यांनी खिशातून बुंदीचा एक पुडा काढला. पहिल्या रांगेला थोडीथोडी वाढली. दुसऱ्या रांगेला वाढली. तिथे जरा वेळ थांबले, एकाच्या पाठीवर ठिगळ गळून गेलेल्या जागी बोट फिरवलं. मग मी उभा होतो, माझ्या समोरून गेले. दुसरा पुडा त्यांच्या हातात होता. माझ्याकडे पाहिलं नाही.

प्राणीगृहाची किल्ली खिळ्याला अडकवली आणि दारात पोचल्यावर, पाठमोरेच, म्हणाले, ‘म्हंजे ते ससे कमजोर नवते.’

मी म्हटलं, ‘नव्हते.’

‘मंग हे धर्माले लिवा. तो मले “असन तसं” म्हणाला होता.’

त्यानंतर ते आलेले नाहीत. सशांना मी भरवतो आहे. थरथरतात.

त्यांनी लिहायला सांगितलं म्हणून लिहितो: दुसऱ्या रांगेतले ससे कमजोर नव्हते. त्यांना औषध दिलेलं नव्हतं.

गोवर्धन